चाहूल घेणारें यंत्र

शिक्षकाच्या पेशांत मीं सदतीस वर्षें काढलीं. त्या सर्व वर्षांत माझ्या पायांत एकाच घडणीचे कातडी बूट असत, आणि ते चालतांना करकर वाजत. वर्गाचें दार अजून वीस पावलें दूर असे तोंच आंतला गलबला एकाएकीं थांबे, आणि मी आंत पाऊल टाकीं तेव्हां चाळीस मुलें चाळीस पुस्तकांत माना घालून बसलेलीं दिसत. माझा वर्ग मोठा शिस्तीचा आहे, असें मला कित्येक वर्षें वाटत होतें. पुढें एका पावसाळ्यांत बूट भिजले म्हणून मी अनवाणी वर्गावर गेलों, आणि माझा भ्रम फिटला. दुसऱ्यावर नजर ठेवण्यासाठीं जो निघतो, त्याची चाहूल त्याच्याही पुढें धांवत असते, ही गोष्ट मला त्या दिवशीं उमगली. आजचें माझें भाषण म्हणजे या एका गोष्टीचाच विस्तार आहे.

अमेरिकेंत मोटारीच्या पुढील कांचेपाशीं एक लहानशी पेटी बसविण्याची चाल गेलीं साठ वर्षें चालत आली आहे. तिला रडार डिटेक्टर म्हणतात. रस्त्याच्या कडेला पोलीस रडार घेऊन मोटारींचा वेग मोजीत उभे असले, म्हणजे ही पेटी त्या रडारच्या लहरी दुरूनच ओळखते व शीळ घालून चालकाला सावध करते. पोलिसांना मोटार नीट दिसण्यापूर्वींच मोटारीला पोलिसांचा सुगावा लागतो, हें प्रथम ऐकणाऱ्याला नवलाचें वाटतें. तें कसें घडतें, आणि या पेटीची वंशावळ कोणती, हें आज आपण पाहूं.

या लपंडावाचा आरंभ रडारच्या पुष्कळ आधीं झाला. इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें मोटारींना ताशीं २० मैल, म्हणजे सुमारें ३२ किलोमीटर, अशी मर्यादा घालून दिली. पोलीस शिपाई रस्त्याचा एक तुकडा मोजून ठेवीत, कुंपणाआड दडून बसत, आणि तो तुकडा ओलांडण्यास मोटारीला किती वेळ लागला हें घड्याळावर पाहात. १९०५ सालीं मोटारवाल्यांनीं ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था काढली, ती मुख्यतः या सापळ्यांतून सुटण्यासाठीं. संस्थेचे सायकलस्वार रस्त्यांवर फिरत, आणि ज्या मोटारीवर संस्थेचा बिल्ला दिसे तिच्या चालकाला पुढच्या धोक्याची सूचना देत. १९१० सालीं इंग्लंडांतील न्यायालयानें ठरविलें कीं, मर्यादा ओलांडून जाणाऱ्याला अशी सूचना देणें म्हणजे पोलिसांच्या कर्तव्यांत अडथळा आणणें होय. संस्थेनें त्यावर जी तोड काढली ती फार मार्मिक होती. सायकलस्वारानें प्रत्येक सभासदाला सलाम करावा. आणि ज्या दिवशीं तो सलाम करणार नाहीं, त्या दिवशीं सभासदानें गाडी थांबवून त्याला कारण विचारावें. न केलेल्या सलामाबद्दल कोणावर खटला भरणार? आपल्याकडील ट्रकवाले समोरून येणाऱ्याला दिव्यांची उघडझाप करून जी खूण करतात, ती याच घराण्यांतली.

लपलेला शिपाई डोळ्यांनीं पाहतो; त्याच्या पाहण्याची चाहूल कोणत्याही यंत्राला लागणें शक्य नसतें. म्हणून या काळांत सावध करण्याला माणूसच लागे. पुढें पोलिसांच्या हातीं डोळ्यांहून तीक्ष्ण असें साधन आलें, आणि त्याबरोबरच त्यांचें गुपित उघडें पडलें. तें साधन म्हणजे रडार.

रडारनें वेग कसा मोजतात, हें समजण्यास आगगाडीची शिटी पुरेशी आहे. फलाटावर उभे असतांना न थांबणारें इंजिन शिटी वाजवीत जवळ येतें तेव्हां तिचा सूर चढलेला असतो, आणि इंजिन पुढें निघून जातांच तो एकदम उतरतो. शिटी तीच असते. परंतु जवळ येणाऱ्या इंजिनाच्या ध्वनिलहरी कानाशीं दाटीनें येतात व दूर जाणाऱ्याच्या विरळ होऊन येतात. या नियमाची मांडणी १८४२ सालीं प्राग शहरीं ख्रिस्तियन डॉप्लर यानें केली, आणि तीन वर्षांनीं हॉलंडमध्यें बॉइस बॅलॉट या शास्त्रज्ञानें आगगाडीवर तुतारी वाजविणारे बसवून व रुळांच्या कडेला सूर ओळखणारे वादक उभे करून तिची परीक्षा घेतली. सूर खरोखरच चढला व उतरला.

विद्युत्-चुंबकीय लहरींनाही हाच नियम लागू आहे. त्या धातूवर आदळून परततात, हें १८८० च्या दशकाच्या अखेरीस हाइन्रिख हर्ट्झ यानें प्रयोगानें दाखविलें होतें. पोलिसांचें यंत्र एका ठराविक आवर्तनाची लहर सोडतें. ती धांवत्या मोटारीवर आपटून परतते तेव्हां तिचा सूर किंचित् चढलेला असतो. गेलेला सूर व आलेला सूर यांतील फरक मोजला कीं वेग निघाला. ज्यांच्या घरीं तंबोरा आहे त्यांना हें अधिक सांगणें नलगे. जोडीच्या दोन तारा जुळत येऊनही किंचित् बेसूर राहिल्या, तर त्यांच्या नादांत एक संथ हेलकावा उठतो. तो हेलकावा म्हणजेच दोन सुरांतला फरक. पोलिसांच्या यंत्राची लहर पुष्कळ वर्षें सेकंदाला १,०५२ कोटी ५० लक्ष आवर्तनांची असे. ताशीं १०० किलोमीटर वेगानें समोरून येणाऱ्या मोटारीवरून ती परतली, कीं तिच्यांत जो फरक पडतो तो सेकंदाला सुमारें १,९५० आवर्तनांचा. इतक्या प्रचंड संख्येंत इतका बारीक फरक! तरी तो असा आहे कीं, कर्ण्यांतून वाजविला तर माणसाला कानांनीं ऐकूं यावा.

आतां आपल्या विषयाचें मर्म येतें. रात्रीं कंदील घेऊन शेताच्या राखणीला निघालेला माणूस डोळ्यांपुढें आणा. कंदिलाचा उजेड झुडपावर पडून परत त्याच्या डोळ्यांत येईल तेव्हांच त्याला झुडूप दिसणार. वीस पावलांपलीकडे त्याला सारा अंधार. परंतु त्याचा तो कंदील मात्र टेकडीवर बसलेल्या माणसाला मैलभर अंतरावरून दिसत असतो. राखणदारासाठीं उजेडाला जाऊन यावें लागतें. टेकडीवरच्यासाठीं त्याला नुसतें जावें लागतें. लहर पसरत जाते तशी ती क्षीण होत जाते. अंतर दुप्पट झालें तर पोंचणाऱ्या लहरीचें बळ चौथ्या हिश्श्यावर येतें. पण परतून येणाऱ्या प्रतिध्वनीचें बळ सोळाव्या हिश्श्यावर. अंतर दसपट झालें तर जाणारी लहर शंभरावा हिस्सा उरते, आणि प्रतिध्वनि दहा हजारावा. पाहणाऱ्याला प्रतिध्वनीवर भागवावें लागतें. ऐकणाऱ्याला मूळ लहरच मिळते. रडार डिटेक्टरचें सारें सामर्थ्य या एका हिशेबांत आहे.

या हिशेबाची पहिली मोठी परीक्षा रस्त्यावर नव्हे, तर युद्धकाळीं समुद्रावर झाली. २६ फेब्रुवारी १९३५ रोजीं इंग्लंडांत रॉबर्ट वॉटसन-वॉट व अर्नोल्ड विल्किन्स यांनीं डॅव्हेन्ट्री येथील बी. बी. सी. च्या प्रक्षेपणाच्या लहरी एका उडत्या विमानावरून परततात, हें दाखवून दिलें होतें. ब्रिटिश रडारचा पाया असा नभोवाणीच्याच लहरींवर घातला गेला. १९४२ पर्यंत हीं यंत्रें विमानांत बसूं लागलीं होतीं. जर्मन पाणबुड्या बिस्केच्या उपसागरांतून जातांना रात्रीं वर येत व आपल्या बॅटऱ्या भरून घेत. ब्रिटिश विमानें सुमारें दीड मीटर लांबीच्या लहरींनीं त्यांना अंधारांत हुडकून काढीत आणि अगदीं जवळ येतांच प्रखर दिव्याचा झोत टाकीत. या अकस्मात् उजेडानें जर्मन नाविक हवालदिल झाले. त्याच वर्षीं त्यांनीं पाणबुड्यांवर मेटॉक्स नांवाचा ग्राहक बसविला. त्याची एरियल म्हणजे तारा ताणलेला एक लांकडी क्रूस. पाणबुडी वर आली कीं नाविकानें तो हातानें वर न्यावयाचा आणि बुडी मारण्यापूर्वीं खालीं आणावयाचा. विमानाला पाणबुडी दिसण्याच्या पुष्कळ आधीं मेटॉक्सला विमानाचा सुगावा लागे, आणि विमान येऊन पोंचे तेव्हां खालीं नुसतें पाणी असे. मोटारींतील पेटीचा हा थोरला भाऊ होय.

याला ब्रिटिशांनीं जें उत्तर दिलें तें लहर बदलून. १९४० सालीं बर्मिंगहॅम येथें रँडल व बूट या दोघांनीं मॅग्नेट्रॉनचा एक नवा प्रकार बनविला होता. त्याच्यामुळें सुमारें दहा सेंटीमीटर लांबीच्या जोरदार लहरी मिळूं लागल्या. १९४३ च्या वसंतऋतूंत विमानें हें नवें रडार घेऊन समुद्रावर आलीं आणि मेटॉक्स बहिरा झाला. त्या वर्षीं एकट्या मे महिन्यांत जर्मनांच्या ४१ पाणबुड्या बुडाल्या. त्याचीं कारणें अनेक होतीं. लांब पल्ल्याचीं विमानें होतीं, जहाजांच्या तांड्यांचा सुधारलेला बंदोबस्त होता, फोडलेल्या सांकेतिक लिपी होत्या. परंतु जर्मनांचा संशय गेला तो आपल्या मेटॉक्सवर. ऐकण्याचें काम करीत असतां तो स्वतःही क्षीण लहरी सोडतो, असें त्यांना प्रयोगांत आढळलें. त्यांतच पकडलेल्या एका ब्रिटिश वैमानिकानें, आम्ही त्याच लहरींच्या मागानें येतों, असें सांगून टाकलें. ऑगस्ट १९४३ मध्यें मेटॉक्स बंद ठेवण्याचा हुकूम सुटला. वास्तविक ब्रिटिश विमानें त्या लहरींच्या मागानें येत नव्हतीं. तथापि संशय शास्त्रदृष्ट्या निराधार नव्हता. ऐकणाऱ्या यंत्राला स्वतःची कुजबूज असते, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. ती पुढें पुन्हां आपल्या कामीं येणार आहे.

रस्त्यावरचें रडारही युद्धांतूनच आलें. कनेक्टिकट राज्यांतील नॉरवॉक येथें, रहदारीच्या दिव्यांचीं उपकरणें करणाऱ्या ऑटोमॅटिक सिग्नल कंपनींत जॉन बार्कर व बेन मिडलॉक हे काम करीत. कॅटालिना जातीच्या विमानांचीं चाकें जमिनीवर उतरतांना मोडत, म्हणून विमान किती वेगानें खालीं येतें हें मोजण्याची निकड होती. या दोघांनीं कॉफीचे डबे डागून एक रडार जुळविलें व धांवपट्टीच्या टोकाशीं आभाळाकडे तोंड करून ठेवलें. युद्ध संपल्यावर तेंच तत्त्व त्यांनीं रस्त्याकडे वळविलें. १९४७ सालीं कनेक्टिकटच्या पोलिसांनीं ग्लास्टनबरी गांवीं त्याची चांचणी घेतली. आरंभीं केवळ मोजणी व ताकीद. फेब्रुवारी १९४९ पासून दंडाच्या चिठ्ठ्या. विमानाला जपून उतरविण्यासाठीं निघालेलें यंत्र असें मोटारवाल्याच्या खिशापर्यंत पोंचलें.

पोलिसांच्या हातीं कंदील आला, आणि टेकडीवर बसणारे निर्माण होण्यास फारसा अवकाश लागला नाहीं. १९६० च्या दशकाच्या आरंभीं 'रडार सेन्ट्री' नांवाची पेटी बाजारांत आली. ती मोटारींत चालकासमोरच्या ऊन अडविणाऱ्या झडपेला अडकवीत. तिची रचना साधी होती, आणि त्या साधेपणांत आपणां भारतीयांना कौतुक वाटावें असें कांहीं आहे. अशा पेटींत दोन मुख्य अवयव असतात. पहिला म्हणजे धातूचें एक लहानसें शिंग. तें नरसाळ्यासारखें असून येणाऱ्या लहरी गोळा करून अरुंद तोंडाकडे नेतें. दुसरा म्हणजे एक स्फटिक. तो वीज एकाच दिशेनें सहज जाऊं देतो, त्यामुळें अतिशीघ्र थरथरणाऱ्या लहरीचें रूपांतर मोजतां येण्याजोग्या बारीक प्रवाहांत होतें. तो प्रवाह वाढवून त्यानें घंटी वाजविली, कीं पेटी तयार. आतां, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत जगदीशचंद्र बसु १८९० च्या दशकांत अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग करीत होते. त्या लहरी गोळा करण्यासाठीं त्यांनीं असेंच शिंग वापरलें, आणि त्या ओळखण्यासाठीं गॅलेना नांवाच्या शिशाच्या खनिजाचा स्फटिक. त्या स्फटिकाच्या ग्राहकाचें अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ सालीं मिळालें. आजच्या पेटींत गॅलेनाचा खडा नाहीं, त्याच्या जागीं कारखान्यांत घडविलेला डायोड आहे. परंतु शिंग आणि स्फटिक ही जोडी तीच. आचार्यांच्या मेजावरचीं उपकरणें पुढें कोणाच्या कामीं आलीं हें पाहून ते हंसले असते कीं कपाळाला हात लावून बसले असते, हें मी श्रोत्यांवर सोडतों.

या पेटीला खरा बहर आला तो १९७० च्या दशकांत. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली, आणि तेल वांचविण्यासाठीं अमेरिकेनें २ जानेवारी १९७४ च्या कायद्यानें साऱ्या देशांत ताशीं ५५ मैलांची, म्हणजे सुमारें ८८ किलोमीटरांची, मर्यादा बसविली. लांबच लांब, सरळ, मोकळ्या रस्त्यांवर ती लोकांना फार जाचली. ओहायो राज्यांतील डेल स्मिथ याच्या 'फझबस्टर' या पेटीचें नांव याच काळांत घरोघरीं झालें. परंतु नुसत्या स्फटिकाचा कान जाड असतो. त्याला मोठें बोललेलें ऐकूं येतें, कुजबूज ऐकूं येत नाहीं. आणि कोण बोललें हेंही नीट कळत नाहीं.

ही उणीव १९७८ सालीं सिनसिनाटी येथील जेम्स येगर व मायकेल व्हॅलेन्टाइन या अभियंत्यांनीं 'एस्कॉर्ट' या पेटींत दूर केली. त्यांनीं जी युक्ति योजिली ती आपण ज्या रेडिओवर हें भाषण ऐकत आहां त्यांतीलच आहे. १९१८ सालीं पॅरिसमध्यें अमेरिकन सैन्यांत असतांना एडविन आर्मस्ट्राँग यानें ती शोधून काढली; तिला सुपरहेटेरोडाइन म्हणतात. नांव अवघड, पण गोष्ट तंबोऱ्याचीच. पेटी आपल्या पोटांत स्वतःची एक लहर निर्माण करते व ती बाहेरून येणाऱ्या लहरींत मिसळते. दोहोंच्या मेळानें जो हेलकावा उठतो तो मूळ लहरीपेक्षां पुष्कळ संथ असल्यामुळें तो गाळणें, वाढविणें व पारखणें सोपें जातें. शिवाय पेटी आपली लहर एका सुरावर न ठेवतां सारखी वरखालीं सरकवीत राहते. एखादा अधीर श्रोता रेडिओचा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड फिरवीत बसावा, तसें तें असतें. पोलिसांच्या लहरीशीं तिचा ठराविक अंतराचा मेळ बसला कीं तो हेलकावा गाळणींतून पार होतो आणि पेटी शीळ घालते. कोणत्या पट्ट्यांतील लहर आली हेंही तिला सांगतां येतें. पोलिसांनीं आपलें स्थान तीनदां बदललें; युद्धोत्तर यंत्रांच्या सुमारें १२ सेंटीमीटरांच्या लहरींवरून ते एक्स पट्ट्यांतील तीन सेंटीमीटरांच्या आंत आले, तेथून के पट्ट्यांतील सव्वा सेंटीमीटरावर, आणि तेथून के-ए पट्ट्यांतील सुमारें नऊ मिलिमीटरांवर. दर वेळीं जुनी पेटी मेटॉक्सप्रमाणें बहिरी होई, आणि दर वेळीं नव्या कानाची पेटी बाजारांत येई.

चालकाला खरी मदत होते ती झोताच्या पसरटपणाची. के पट्ट्यांतील रडारचा झोत साधारण १२ अंशांचा असला, तरी ३०० मीटरांवर तो ६० मीटरांहून रुंद झालेला असतो. तो केवळ एका मोटारीवर पडत नाहीं. पाट्यांवर, पुलांच्या कठड्यांवर, पुढें चाललेल्या ट्रकांवर आपटून उधळतो, आणि ती उधळण चढावापलीकडच्या पेटीलाही लागते. मात्र हाच तीक्ष्ण कान तिला फसवितोही. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे याच पट्ट्यांतील लहरी वापरतात. पुढें मोटारींनाच शेजारची गाडी ओळखणारीं रडारें बसलीं, तींही कित्येक याच पट्ट्यांत. त्यामुळें पेटी 'लांडगा आला रे आला' म्हणून वरचेवर ओरडूं लागली, आणि खरा लांडगा येई तेव्हां चालकानें तिचा आवाज बंद केलेला असे.

पोलिसांनाही लवकरच उमगलें कीं, सारखा कंदील पेटवून बसण्यांत अर्थ नाहीं. ते रडार तयार ठेवीत, पण लहर सोडीत नसत; हवी ती मोटार टप्प्यांत येतांच घोडा दाबीत. मोजणीला एक सेकंदही पुरतो. अशा वेळीं पेटी शीळ घालते खरी. पण ती धोक्याची सूचना नसून झाल्या गोष्टीची वर्दी असते. त्याच्या पुढें धांवणारी एखादी मोटार आधीं मोजली गेली असेल, तरच मागच्याचा निभाव लागतो.

आतां मघांच्या कुजबुजीकडे वळूं. सुपरहेटेरोडाइन पेटी आपल्या पोटांत लहर निर्माण करते, हें आपण पाहिलें. ती लहर पोटांतच राहत नाहीं. ज्या शिंगांतून बाहेरच्या लहरी आंत येतात, त्याच शिंगांतून तिचा थोडा अंश बाहेर झिरपतो. ज्या राज्यांत व देशांत अशा पेट्यांना बंदी होती तेथील पोलिसांसाठीं १९९० च्या सुमारास कॅनडांत 'इंटरसेप्टर' नांवाचें एक यंत्र निघालें. तें सेकंदाला सुमारें १,१५० कोटी आवर्तनांच्या आसपास कान लावून बसे, कारण बहुतेक पेट्यांची आंतली लहर तेथेंच असे. आतां पोलीस अंधारांत बसून ऐकूं लागले, आणि टेकडीवरच्या माणसाच्या चिलमीचा विस्तव त्यांना दिसूं लागला. १९४३ सालीं जर्मन नाविकांनीं ज्या गोष्टीचें भय धरलें होतें, ती जवळजवळ अर्ध्या शतकानंतर अमेरिकेच्या रस्त्यावर अक्षरशः खरी झाली. मग पेट्या करणाऱ्यांनीं आपल्या लहरीची जागा बदलली व शिंगाची गळती आंवळली. ज्यांनीं लपणाऱ्यांना मदत म्हणून यंत्र काढलें, त्यांना आतां आपलें यंत्रच लपवावें लागलें.

कायद्याचें म्हणावें तर अमेरिकेंत त्याचे दोन सूर आहेत. बहुतेक राज्यांत खासगी मोटारींत ही पेटी बाळगण्यास हरकत नाहीं; जी लहर आपण होऊन माझ्या गाडींत येते ती ऐकणें हा गुन्हा कसा, असा तेथील युक्तिवाद आहे. व्हर्जिनिया राज्यांत व राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यांत मात्र ती निषिद्ध आहे, आणि मोठ्या व्यापारी वाहनांत १९९४ पासून देशभर बंदी आहे. पेटीवाल्यांचा पक्ष अगदींच लटका होता असेंही नाहीं. १९७९ सालीं मायामी येथें एका दूरचित्रवाणी-वार्ताहरानें पोलिसांच्या रडारची मोजणी कॅमेऱ्यापुढें दाखविली. तींत एक ताडाचें झाड ताशीं ८६ मैल धांवलें आणि एक घर २८ मैल. यंत्र चुकीचें धरलें, अन्य लहरींचा गोंधळ झाला, कीं असे चमत्कार घडतात. तेथील न्यायाधीशांनीं त्यांच्यापुढील खटल्यांत त्या वेळच्या रडारचा पुरावा ग्राह्य मानला नाहीं, आणि त्यानंतर यंत्रें सुधारण्याकडे व शिपायांना शिक्षण देण्याकडे अधिक लक्ष गेलें. मोजणाऱ्यालाही मोजावें लागतें, हा धडा त्यांतून मिळाला.

१९९० च्या सुमारास पोलिसांनीं लेसर हातीं घेतला. तो प्रकाशच असल्यामुळें त्याचा झोत ३०० मीटरांवर केवळ एक मीटरभर रुंद होतो. कंदिलाची जणूं सुई झाली. ती ज्या मोटारीला टोंचते तिलाच कळतें, आणि कळतें तेव्हां वेळ निघून गेलेली असते. तरीही नियम मोडला नाहीं. पाहण्यासाठीं प्रकाश टाकावा लागला, आणि तो टाकणारा क्षणभर का होईना दिसलाच.

श्रोतेहो, या सर्व हकीकतींत बुद्धीची करामत दोन्ही बाजूंना सारखीच आहे, आणि तिचें मला कौतुक वाटतें. परंतु एका गोष्टीपाशीं माझें कौतुक थबकतें. आमची शाळा हमरस्त्याला लागून होती. एका वर्षीं माझ्या वर्गांतील एका मुलाला भरधाव ट्रकची धडक बसली. जीव वांचला, पण एक पाय कायमचा अधू झाला. त्यानंतर कांहीं महिने शाळेसमोर पोलीस उभा असे. ट्रकवाले एकमेकांना दिवे दाखवीत, शाळेपुढून गोगलगाईसारखे जात, आणि वळण ओलांडतांच पुन्हां उधळत. पुढें पोलीस गेला आणि दिव्यांची उघडझापही थांबली. तेव्हां मला प्रश्न पडला कीं, हे लोक हळू जात होते तें कोणासाठीं?

पेटीचे कैवारी म्हणतात, ती वाजली कीं माणूस वेग कमी करतो. मग पोलिसांचाच हेतु साधला नाहीं काय? त्या ठिकाणीं, त्या क्षणीं, साधला खरा. पण वेगाचा नियम पोलिसासाठीं केलेला नाहीं. वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्यास चौपट अंतर लागतें. हा हिशेब शिपाई असो वा नसो, लागू असतोच. आणि वळणापलीकडून पाटी-दप्तर घेऊन येणारें मूल कोणत्याही पट्ट्यांत लहर सोडीत नाहीं. त्याची चाहूल घेणारी पेटी चालकाच्या कांचेपाशीं बसवितां येत नाहीं.

माझे बूट त्या पावसाळ्यांत दोन दिवसांनीं वाळले, आणि मी ते पुन्हां पायांत घातले. मात्र तेव्हांपासून वर्गांत शिरतांना जी शांतता मिळे तिच्यावर मी विसंबून राहिलों नाहीं. तास संपला म्हणजे मी वर्गांतून निघें, बुटांची करकर जिन्याच्या टोकाशीं पोंचूं देईं, आणि तेथें थांबून मागें कान देईं. वर्ग कसा आहे तें मला तेथें कळे.